पोट सावरले, कणा खचला

आतड्याच्या दाहाचा रुग्ण डॉक्टरांसमोर बसतो तेव्हा प्रश्न ठरलेले असतात. दिवसातून किती वेळा जावे लागते, रक्त पडते का, मुरडा येतो का, वजन किती उतरले. रुग्णही याच प्रश्नांची उत्तरे मनात जुळवून आलेला असतो. पाठ दुखते का, उंची कमी झाली आहे का, गेल्या वर्षभरात स्टिरॉइडच्या गोळ्या एकूण किती दिवस घेतल्या, हे विचारायचे राहून जाते. पोटाचा आजार, पोटाचे डॉक्टर, पोटाची फाइल. त्या फाइलीत हाडांची पहिली नोंद होते त्या दिवशी अनेकदा मणका दबलेला असतो किंवा खुब्याचा सांधा कामातून गेलेला असतो. हे नुकसान बऱ्याच अंशी टाळता येते. ते कसे टाळायचे हे वैद्यकशास्त्राला वीस-पंचवीस वर्षांपासून ठाऊक आहे. तरीही आपल्याकडे ते होऊ दिले जाते, ही चिंतेची आणि संतापाचीही बाब आहे.

क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस ही या आजाराची दोन मुख्य रूपे. दोघांना मिळून आयबीडी म्हणतात. कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला जखमा होतात. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, आतड्याच्या पूर्ण जाडीत उतरतो आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला अधिक करून धरतो. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते. आठवडाभराच्या अँटिबायोटिकने बरा होणारा हा आजार नाही. तो शमतो, पुन्हा उसळतो आणि जन्माची सोबत करतो. जपानचे पंतप्रधान शिंजो आबे २०२० मध्ये पायउतार झाले ते कोलायटिस उलटल्यामुळे. २००७ मधल्या त्यांच्या पहिल्या राजीनाम्यामागेही हेच दुखणे होते.

हा गोऱ्यांचा, थंड देशांतला आजार, असे आपल्याकडे दीर्घकाळ मानले गेले. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघर फिरून केलेली पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा दर लाख लोकसंख्येमागे कोलायटिसचे ४४ रुग्ण आढळले होते. जागतिक आजारभाराच्या अभ्यासानुसार १९९० मध्ये भारतात आयबीडीचे सुमारे १ लाख ३० हजार रुग्ण होते, २०१९ पर्यंत ते २ लाख ७० हजारांवर गेले. लुधियानाचे प्रमाण साऱ्या देशाला जसेच्या तसे लावता येणार नाही, पण ते पाहता हा अंदाज कमीच वाटतो. आणि हे रुग्ण म्हातारे नाहीत. आजार बहुधा पंधरा ते पस्तीस या वयात गाठतो. नोकरीला लागायच्या, लग्न ठरायच्या, मुले व्हायच्या वयातली ही माणसे आहेत. हाडे सर्वांत भक्कम असायला हवीत तेही हेच वय.

पोटातल्या जखमेचा हाडाशी संबंध काय, हा प्रश्न कोणालाही पडेल. हाड वरून निर्जीव दिसते, पण ते आयुष्यभर आतून मोडत आणि नव्याने रचले जात असते. जुने हाड विरघळवणाऱ्या पेशी वेगळ्या, नवे रचणाऱ्या वेगळ्या, आणि निरोगी तरुण शरीरात दोहोंचा हिशेब जुळलेला असतो. आतड्यात दाह पेटला की टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ यांसारखी रसायने वाढतात. ती आतड्यापुरती थांबत नाहीत. रक्तावाटे हाडांपर्यंत पोहोचतात, विरघळवणाऱ्या पेशींना चेव आणतात आणि रचणाऱ्यांना रोखतात. म्हणूनच स्टिरॉइडची एकही गोळी न घेतलेल्या, निदान नुकतेच झालेल्या रुग्णाचीही हाडे विरळ झालेली असू शकतात. दोष सगळा औषधाचा, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे. दाह तसाच धुमसत ठेवणे हाच हाडांवरचा पहिला आघात आहे, आणि औषधाच्या भीतीने उपचार टाळणारा रुग्ण हाडे वाचवत नसतो.

दुसरीकडे पुरवठाच आटतो. कॅल्शियम मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते. ते शोषायला व्हिटॅमिन डी लागते, आणि व्हिटॅमिन डी अंगी लागायला स्निग्ध पदार्थ पचावे लागतात, त्यासाठी पित्तातले क्षार लागतात. हे क्षार शरीर वाया घालवत नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला ते परत शोषून घेते. क्रोन्स नेमका तिथेच बसतो. शस्त्रक्रियेत तो भाग कापून काढावा लागला तर ही परतफेड थांबते, चरबी पचत नाही, तिच्याबरोबर व्हिटॅमिन डी निसटते, आणि न पचलेली चरबी उरल्यासुरल्या कॅल्शियमला बांधून शौचावाटे घेऊन जाते. रक्तातले कॅल्शियम मात्र शरीराला ठरावीक पातळीवर ठेवावेच लागते, कारण हृदयाचे आणि स्नायूंचे आकुंचन त्यावर चालते. ती तूट हाडांतून भरून काढली जाते. रक्ताच्या अहवालात कॅल्शियम ‘नॉर्मल’ दिसते आणि सगळे ठीक असल्याचा समज होतो. आत हाड रिकामे होत असते.

याखेरीज आजाराने बदललेले आयुष्य आहे. वजन उतरते, स्नायू जातात, थकव्याने चालणे थांबते. आपल्या शहरांत आणि एसटी स्थानकांवर स्वच्छतागृहांची जी अवस्था आहे, ती पाहता दिवसातून आठ-दहा वेळा जावे लागणारा माणूस घराबाहेर पडणेच टाळतो. स्त्रियांच्या बाबतीत तर बोलायलाच नको. घराबाहेर पडणे थांबले की ऊन थांबते, पायांवरचा भार थांबतो, आणि हाडाला घट्ट राहण्यासाठी भार लागतो. सार्वजनिक स्वच्छतागृहांचा आणि हाडांच्या घनतेचा असा थेट संबंध आहे; नगरपालिकांच्या अंदाजपत्रकांवर चर्चा करणाऱ्यांनी त्याची नोंद घ्यावी.

आता स्टिरॉइड. या औषधाला खलनायक ठरवण्याचा आमचा हेतू नाही. ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी १९५५ मध्ये कोलायटिसवरच्या कॉर्टिझोन या स्टिरॉइडच्या चाचणीचा अंतिम अहवाल प्रसिद्ध केला. त्याआधी या आजाराचा तीव्र झटका आला की माणसे दगावत. आजही उसळलेला दाह काही दिवसांत आटोक्यात आणणारे, रक्तस्राव थांबवणारे आणि खिशाला परवडणारे औषध हेच आहे. पण त्याचे काम आग विझवण्यापुरते. आजार शमलेला ठेवण्यासाठी स्टिरॉइड उपयोगी पडत नाही, हे पुढच्या चाचण्यांनी सिद्ध केले. जगभरची मार्गदर्शक तत्त्वे तेच सांगतात: प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड साधारण ४० मिलिग्रॅमपासून सुरू करायचे, काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने शून्यावर आणायचे आणि त्याआधीच आजार रोखून धरणारे दुसरे औषध लागू करायचे. तीन महिन्यांत मात्रा १० मिलिग्रॅमच्या खाली येत नसेल, किंवा थांबवल्यावर तीन महिन्यांच्या आत आजार उलटत असेल, तर रुग्ण स्टिरॉइडवर अवलंबून झाला असे मानून उपचार बदलायचे.

प्रत्यक्षात काय होते? मात्रा १० वर येते, दोन दिवस रक्त दिसते, रुग्ण घाबरून स्वतःच पुन्हा २० वर जातो. तालुक्याच्या औषध दुकानात जुनी चिठ्ठी दाखवली की गोळी मिळते. पुष्कळदा चिठ्ठीही मागितली जात नाही. गोळी एक-दोन रुपयांची. भूक वाढते, अंगात तरतरी येते, गाल भरतात. घरचे म्हणतात, तब्येत सुधारली. तो गोल झालेला चेहरा आरोग्याचा नसतो, औषधाच्या अतिरेकाचा असतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. असे करत दोन-दोन, तीन-तीन वर्षे स्टिरॉइड चालू राहते.

हाडांच्या दृष्टीने हा काळ भयानक आहे. स्टिरॉइड आतड्यातून कॅल्शियमचे शोषण कमी करते, लघवीवाटे ते अधिक बाहेर टाकते, हाड रचणाऱ्या पेशी मारते आणि हाड घट्ट ठेवणारी लैंगिक संप्रेरकेही दाबते. सर्वांत वेगाने झीज होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. ब्रिटनमधल्या २ लाख ४४ हजार स्टिरॉइड घेणाऱ्यांच्या नोंदी तपासून २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की रोज साडेसात मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा घेणाऱ्यांत मणका मोडण्याचा धोका पाचपट आणि खुबा मोडण्याचा दुपटीहून अधिक होता. अडीच मिलिग्रॅमपासूनच धोका चढू लागतो. त्याच अभ्यासातली आशेची बाब अशी, की औषध थांबवल्यावर तो बराच खाली येतो. म्हणजे ‘अर्धीच गोळी तर घेतो’ या समाधानाला आधार नाही, आणि ‘आता व्हायचे ते झाले’ या निराशेलाही नाही.

खुद्द आयबीडीच्या रुग्णांचे काय होते, हे कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताने दाखवले. तिथल्या सहा हजारांहून अधिक रुग्णांची तुलना त्याच वयाच्या इतर नागरिकांशी केली तेव्हा, २००० मध्येच, अस्थिभंगाचे प्रमाण ४० टक्क्यांनी अधिक आढळले. दर १०० रुग्णांमागे वर्षाला साधारण एक. वर्षाला एक म्हणजे फार नाही असे वाटेल. पण विशीत सुरू झालेला आजार चाळीस-पन्नास वर्षे सोबत राहतो, याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा. आणि मणक्याचे निम्म्याहून अधिक अस्थिभंग कधी ओळखलेच जात नाहीत. पडणे नाही, आवाज नाही, प्लास्टर नाही. पाठ थोडी दुखते, उंची दोन-चार सेंटिमीटरने कमी होते, सदरा पोटावर सैल आणि पाठीवर तंग होऊ लागतो.

इथे एक दुष्टचक्र सुरू होते आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. पाठ दुखते म्हणून रुग्ण दुकानातून डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी आणतो. या जातीच्या गोळ्या अनेक रुग्णांत आतड्याचा दाह पुन्हा भडकवू शकतात. दाह भडकला की स्टिरॉइड वाढते. स्टिरॉइड वाढले की हाड आणखी झिजते, पाठ आणखी दुखते, गोळी आणखी लागते. शिवाय आयबीडीबरोबर मणक्याच्या सांध्यांचा दाहही येऊ शकतो, त्यात सकाळी कंबर आखडते. पाठदुखी त्या दाहाची आहे की दबलेल्या मणक्याची, हे अंदाजाने सांगता येत नाही. एक साधा एक्स-रे बरेच काही सांगतो. तो काढला जात नाही, मलम चोळले जाते.

खुब्याची गोष्ट वेगळी आणि तितकीच गंभीर आहे. दीर्घकाळ किंवा मोठ्या मात्रेत स्टिरॉइड घेतलेल्या काहींच्या मांडीच्या हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठाच तुटतो आणि तो भाग मरतो. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी असे तरुण रुग्ण नोंदवले तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. काही आठवडे वृत्तपत्रांनी तो विषय लावून धरला, आमच्यासकट. आयबीडीचे रुग्ण हीच जोखीम वर्षानुवर्षे पत्करत आले आहेत आणि त्यांची बातमी झालेली नाही. हाडाच्या घनतेच्या तपासणीत हा दोष दिसत नाही. त्याला एमआरआय लागतो. म्हणून जांघेत दुखू लागले, मांडी घालून बसताना खुबा अडू लागला, की थांबता कामा नये.

आपल्याकडे या सगळ्याच्या आधी आणखी एक काळ वाया जातो, निदानाचा. शौचातून रक्त पडले की पहिला शब्द येतो ‘मूळव्याध’. मूळव्याध आणि भगंदराच्या पाट्या लावलेल्या खोल्या प्रत्येक बाजारपेठेच्या गावात आहेत; तिथे कोलायटिसचा रुग्ण महिनोन् महिने पुड्या घेतो आणि क्रोन्सच्या भगंदराला पुन्हा पुन्हा शस्त्र लागते. त्या पुडीत काय असते, हे घेणाऱ्याला माहीत नसते. चमत्कारिक वेगाने गुण देणाऱ्या बेनामी पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे प्रकार देशात वारंवार उघड झाले आहेत. अशा रुग्णाने किती स्टिरॉइड घेतले याचा हिशेब कोणताही डॉक्टर मांडू शकत नाही. अन्न व औषध प्रशासनाने या पुड्यांचे नमुने गोळा करून तपासण्याची मोहीम जिल्हावार का घेऊ नये?

दुसरी अडचण क्षयाची, आणि ती खरोखर अवघड आहे. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दोघेही लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर बसतात, जखमा सारख्या दिसतात, बायोप्सीतही कधीकधी फरक कळत नाही. ज्या देशात टीबी इतका आहे तिथे आधी त्याची औषधे देऊन पाहणे समंजसपणाचेच. पण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून जखमा भरल्या की नाही हे पाहिले पाहिजे. ते न करता सहा-नऊ महिने औषधे चालू राहिली, की तेवढा काळ क्रोन्स मोकाट राहतो. त्यात रिफॅम्पिसिन हे टीबीचे औषध व्हिटॅमिन डीचा निचरा वेगाने करते. आधीच तुटपुंजे व्हिटॅमिन डी, वर हा घाला. टीबीच्या औषधांना दोष देण्याचे कारण नाही. त्या काळात हाडांकडे पाहायला हवे, एवढेच.

मुलांबद्दल लिहिताना हात जड होतो. माणसाच्या हाडांचा सुमारे ९० टक्के साठा अठरा-वीस वर्षांपर्यंत तयार होतो. बाराव्या वर्षी क्रोन्स झालेल्या मुलीची वाढ खुंटते, पाळी लांबते, आणि नेमक्या त्या वर्षांत भरायचा साठा भरलाच जात नाही. पुढे आजार शमला तरी ती प्रौढत्वात शिरते ती कमी पडलेल्या हाडांनिशी, आणि रजोनिवृत्तीनंतरची झीज तिथून सुरू होते. मुलांच्या क्रोन्समध्ये स्टिरॉइडला तोडीस तोड पर्याय उपलब्ध आहे: सहा ते आठ आठवडे फक्त द्रवरूप पोषक आहार. युरोपातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटना तोच पहिला उपचार म्हणून सांगतात. चव कंटाळवाणी, मुलाची आणि आईची परीक्षा पाहणारा, खर्चही गोळीपेक्षा जास्त. पण त्यात वाढ सुधारते. आपल्याकडे किती पालकांपुढे हा पर्याय ठेवला जातो? सांगितला न जाणे हा अन्याय आहे. ऐकून नाकारणे हा पालकांचा हक्क.

हाडे ठिसूळ होणे म्हणजे आजीचे दुखणे, ही आपली घट्ट समजूत. त्यामुळे तिशीतल्या पुरुषाला हाडांची तपासणी करून घे असे सांगितले तर तो हसतो. त्याच वेळी गणेशोत्सवाच्या मंडपात, औषध दुकानापुढे ‘हाडांची घनता मोफत तपासा’ अशी शिबिरे भरतात. तिथे टाच एका यंत्रात ठेवून ध्वनिलहरींनी आकडा काढला जातो. त्या आकड्यावरून ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडांचा ठिसूळपणा आहे वा नाही असे निदान करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये घालून दिलेली उणे अडीचची रेषा कंबरेच्या मणक्याच्या आणि खुब्याच्या डेक्सा या घनतेच्या तपासणीसाठी आहे. पन्नाशीच्या आतल्या पुरुषांत आणि पाळी चालू असलेल्या स्त्रियांत तर तुलना तरुण निरोगी माणसाशी न करता त्यांच्याच वयाच्या लोकांशी करायची असते. टाचेच्या आकड्यावर निर्धास्त होणारे आणि त्याच आकड्याने घाबरून इंजेक्शने घेणारे, दोघेही चुकीच्या माहितीवर चालतात.

डेक्सा तपासणी दहा-पंधरा मिनिटांची. सुई नाही, दुर्बीण नाही, किरणोत्सर्ग छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. मोठ्या शहरात दोन-तीन हजार रुपयांच्या आसपास होते. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या रुग्णाने त्यासाठी किती दूर जायचे आणि मजुरी किती बुडवायची? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण ५ लाखांपर्यंत वाढवले गेले, हे स्वागतार्हच. पण ती मुळात रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांची योजना आहे. खुबा मोडून भरती झालेल्यावर ती खर्च करील. तो मोडू नये म्हणून बाह्यरुग्ण विभागात करायच्या तपासणीला तिच्यात जागा नाही. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांसाठी डेक्सा मोफत व्हावी आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तिची सोय असावी, ही मागणी आम्ही करत आहोत. तिचा लाभ दमा, संधिवात, त्वचेचे आणि मूत्रपिंडाचे आजार असणाऱ्यांनाही होईल. स्टिरॉइड घेणारे ते सगळे याच रांगेत उभे आहेत.

आणि एक उपाय तर आजच, एक रुपयाही खर्च न करता करता येईल. आयबीडीच्या बहुतेक रुग्णांचा कधी ना कधी पोटाचा सीटी स्कॅन झालेला असतो. आतडे पाहण्यासाठी काढलेल्या त्या चित्रांत कंबरेचे मणके पूर्णपणे दिसतात. एखादा दबला आहे का, हाड विरळ दिसते का, हे त्याच चित्रांवरून सांगता येते. डेक्साची जागा ते घेणार नाही, पण कोणाची डेक्सा तातडीने करायला हवी हे नक्की कळेल. अहवालात आतड्याच्या सुजेवर दोन परिच्छेद असतात आणि मणक्यांवर अनेकदा एक शब्दही नसतो. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनांनी ठरवले तर महिनाभरात ही ओळ राज्यभरच्या अहवालांत दिसू लागेल.

पथ्याचाही विचार करायला हवा. पोटाचा आजार म्हटला की घरात पहिल्यांदा दूध बंद होते, मग दही, मग पालेभाज्या, मग मासळी. वरण-भात आणि मऊ खिचडीवर माणूस वर्षे काढतो. दूध सर्वांनाच वर्ज्य नाही. ज्यांना ते पचत नाही अशांनाही दही-ताक बहुधा चालते. शंभर ग्रॅम गाईच्या दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. कोकणात, कोल्हापुरात आणि डांगी पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या प्यायली जाणारी नाचणीची आंबील, तिळाचे कूट, काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी ही आपल्या हाताशी असलेली संपत्ती आहे. मात्र आतडे अरुंद झालेल्यांनी कोंडा आणि चोथा याबाबत आहारतज्ज्ञांना विचारूनच खावे. प्रौढाला दिवसाला हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. आहारात कमी पडेल तेवढेच गोळीने भरावे. आणि व्हिटॅमिन डीची ६० हजार युनिटांची पुडी कोणीतरी सांगितले म्हणून दर आठवड्याला वर्षभर घेत राहू नये. अतिरेकाने रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंड धोक्यात येते. आधी रक्ततपासणी, मग मात्रा. बिडी-सिगारेट तर सोडावीच: ती क्रोन्स बिघडवते आणि हाडेही पोखरते.

झिजलेल्या हाडांवर औषधे आहेत. अलेंड्रोनेटची गोळी आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, भरपूर पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवे न होता घ्यायची असते. ज्यांच्या आतड्याला ती झेपत नाही त्यांना वर्षातून एकदा शिरेवाटे झोलेड्रोनिक आम्ल देता येते. पुढे मूल हवे असलेल्या तरुण स्त्रियांत ही औषधे जपून वापरावी लागतात, कारण ती हाडात वर्षानुवर्षे राहतात. पण हाडांचे सर्वांत मोठे औषध म्हणजे आतड्याचा दाह स्टिरॉइडविना आटोक्यात ठेवणे. अझाथायोप्रिनसारखे जुने औषध त्यासाठी आहे. अडालिमुमॅब या नव्या औषधाची जगातली पहिली प्रतिकृती २०१४ मध्ये झायडस कॅडिलाने भारतातच आणली. टोफासिटिनिबच्या गोळ्या देशी कंपन्या बनवतात. प्रत्येकाचे धोके आहेत, आणि टीबीच्या देशात ती सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी अपरिहार्य आहे. ही औषधे महाग आहेत हे खरे. पण एक-दोन रुपयांच्या गोळीचा खरा खर्च मोजताना कृत्रिम खुब्याची शस्त्रक्रिया, गमावलेली नोकरी आणि तिशीत वाकलेली पाठ त्यात धरावीच लागेल. सरकारी रुग्णालयांच्या औषधखरेदीत या औषधांना जागा मिळावी, ही आमची दुसरी मागणी आहे. तिसरी औषध दुकानांच्या तपासणीची: चिठ्ठीशिवाय आणि मुदत संपलेल्या चिठ्ठीवर स्टिरॉइड विकणे बेकायदा आहे, तो कायदा राबवावा.

डॉक्टरांनाही विनंती आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ स्टिरॉइड लागेल असे दिसले, की पहिल्याच दिवशी कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि डेक्साचा विचार चिठ्ठीवर यावा. दर भेटीत वजनाबरोबर उंचीही मोजावी. तालुक्याच्या डॉक्टरांना हे शहरातल्या तज्ज्ञाने पत्रात लिहून कळवावे, कारण रुग्ण महिनोन् महिने त्यांच्याकडेच जातो.

आणि रुग्णांनो, हा लेख वाचून स्टिरॉइडची गोळी आज रात्रीपासून बंद करू नका. काही आठवडे ती घेतलेल्या शरीराची स्वतःची संप्रेरके मंदावलेली असतात. अचानक थांबवल्यास रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरत्या मात्रेतच सोडायची. जुन्या चिठ्ठ्या काढा, गेल्या दोन वर्षांत स्टिरॉइड कधीपासून कधीपर्यंत आणि किती मात्रेत घेतले ते एका कागदावर लिहा, तारखेसह आपली उंची लिहा, जुन्या सीटीची सीडी सोबत घ्या आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा: माझी हाडे कधी तपासायची, आणि या गोळीऐवजी पुढे काय?

१९ मे हा आयबीडीचा जागतिक दिवस, २० ऑक्टोबर हाडांच्या ठिसूळपणाचा. राज्याच्या आरोग्य विभागाने या दोन तारखांच्या आत निदान मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांची मोफत डेक्सा सुरू करावी.